अंगावर काढलेलं दुखणं

पत्र

ताई,

आधीच सांगते, माझं नाव छापू नका. आणि मी तुमच्याहून बरीच लहान आहे, तेव्हा एकेरीच लिहा.

मी 38 वर्षांची. आई 63 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. तिची पाळी जाऊन 12 वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी धुवायच्या कपड्यांत मला रक्ताचे डाग दिसले. विचारलं तर आधी ‘काही नाही’ म्हणाली. खूप मागे लागल्यावर कळलं की मधूनमधून ‘परत सुरू होतं’ आणि हे त्याच्याही दोन महिने आधीपासून चाललंय. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर ‘उष्णता वाढली असेल’, ‘वयानुसार होतं’, ‘या वयात तिकडचं दाखवत बसू का?’ अशी उत्तरं. माझ्याकडून वचन घेतलंय की भावाला आणि वहिनीला कळता कामा नये. आता म्हणते, नातीची परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षेला अजून दोन महिने आहेत. तिच्या एका मैत्रिणीला असंच झालं होतं, ‘तपासायला गेली आणि तीन महिन्यांत संपली’, हे पालुपद आहेच. मी तिला लेख वाचायला दिले, व्हिडिओ दाखवले, शेवटी भांडलेसुद्धा. आता ती माझ्याशी या विषयावर बोलतच नाही. एवढी शिकलेली बाई अशी अडाण्यासारखी का वागते? मी तिला कसं समजावू? भावाला सांगू का? आणि परीक्षेपर्यंत थांबलं तर चालेल का?

(मलाही डॉक्टरांनी गर्भाशयमुखाची एक तपासणी सांगितली होती, ती दोन वर्षं राहिलीच आहे. पण माझं सोडा.)

एक मुलगी

उत्तर

मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते. थांबू नका. पाळी थांबून 12 महिने उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, अगदी डागापुरतं, तरी ते तपासायचंच असतं. वयानुसार केस पिकतात, गुडघे कुरकुरतात. गेलेली पाळी मात्र वयानुसार परत येत नाही.

आता घाबरून जायच्या आत एक आकडा ऐक. 2018 साली जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. असा रक्तस्राव झालेल्या 100 बायकांपैकी साधारण 9 जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. उरलेल्या 91 जणींना तो नव्हता. बहुतेकींचं कारण साधं निघतं: पाळी गेल्यानंतर पातळ आणि कोरडं पडलेलं अस्तर, एखादा पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, कधी एखादं औषध. पण त्याच पाहणीत उलट बाजूने मोजलं, तर ज्यांना हा कर्करोग होतो त्यांच्यातल्या 10 पैकी 9 जणींना असं रक्त दिसलेलं असतं. शरीर इतक्या स्पष्टपणे आधी सांगतं असे कर्करोग थोडे आहेत. आजार गर्भपिशवीपुरता असतानाच सापडला तर 10 पैकी 9 हून जास्त बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात. आईला दोन्ही आकडे सांग, पण 91 चा आधी.

आपल्याकडे म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. हे दुखणं मुंगीच्याच पावलांनी आलंय, आणि दुखतही नाहीये. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा हिशेब इथे चुकतो, एवढंच आईला पटायला हवं.

आता ‘अडाण्यासारखी’ या शब्दाकडे येते. तो मला खटकला. तुझी आई अडाणी नाही, आणि ती अडाण्यासारखी वागतही नाहीये. जे चांगलं म्हणून तिला लहानपणापासून शिकवलं गेलं ते ती मन लावून पाळतेय. आपल्या भाषेतच बघ ना. ‘दुखणं अंगावर काढलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तक्रार किती असते आणि कौतुक किती? ‘शेवटपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही’ हे तर आपण माणूस गेल्यावर मोठ्या अभिमानाने सांगतो. सोशीक हे बाईचं विशेषण, बाऊ करणं हा दुर्गुण. ज्या बाईने चाळीस वर्षं सर्दीतापाला भीक घातली नाही, घरातल्या प्रत्येकाचं आजारपण काढलं आणि त्याबद्दल शाबासकी मिळवली, तिला तू एके दिवशी व्हिडिओ दाखवून सांगतेस की हे सगळं चूक. ती बोलायची थांबली यात नवल काय?

शिक्षणाने माहिती वाढते. आजारी असायची परवानगी मात्र शिक्षणातून मिळतेच असं नाही. (माझे वडील विज्ञान शिकवायचे. छातीतल्या ‘जळजळी’साठी त्यांनी आठवडाभर गोळ्या चघळल्या, कारण सहकाऱ्यांसमोर छातीला हात लावायची त्यांना लाज वाटत होती. ते वाचले, पण त्यात त्यांच्या विज्ञानाचा काही वाटा नव्हता.)

माणसं डॉक्टरकडे केव्हा जातात, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. त्रास फार वाढला की जातात, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत बॉस्टनमध्ये 1960 च्या दशकात अर्विंग झोला नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बाह्यरुग्ण विभागात आलेल्या लोकांना विचारलं की नेमकं आजच का आलात? त्यांत आयरिश, इटालियन अशा वेगवेगळ्या मुळांची माणसं होती. इटालियन माणसं आपला त्रास भरभरून सांगायची. आयरिश माणसं दुखतंय हे कबूलच करत नसत, एखाद्या ठिकाणाकडे बोट दाखवून गप्प बसत. पण माझ्या मते त्याचं खरं निरीक्षण पुढचं आहे, जे त्याने 1973 मध्ये मांडलं: त्रास सर्वांत जास्त असतो त्या दिवशी माणूस येतो असं नाही. तो येतो ते भलतंच काहीतरी घडल्यावर. घरात एखादा पेच उभा राहतो, किंवा त्रास कामाच्या आड येतो, किंवा चारचौघांत मिसळणं अवघड होतं. कधी तो स्वतःच मुदत ठरवतो की अमुक दिवसापर्यंत थांबलं नाही तर दाखवायचं. आणि कधी दुसरं कोणीतरी ठामपणे म्हणतं, ‘ऊठ, चल,’ आणि जाण्याची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेतं.

या शेवटच्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. मुदत घालायची पद्धत आईला माहीत आहे. तिने नातीच्या परीक्षेची घातलीच आहे. फक्त ती दुसऱ्याच्या कामाला बांधलीय आणि फार लांबची आहे. आणि ‘ऊठ, चल’ म्हणणारं माणूस अजून सापडलेलं नाही. ते माणूस तू नाहीस, हे गेल्या तीन महिन्यांत सिद्ध झालंय. वाईट वाटून घेऊ नकोस. मुलीने आईला हुकूम करायचा नसतो, हाही तिच्या नियमांतलाच एक नियम.

मग कोण? डॉक्टरकडे पोहोचायच्या आधी माणूस घरातल्या आणि ओळखीतल्या चारजणांकडून जातो. आधी बायको किंवा आई, मग शेजारीण, मग ज्याला ‘असंच झालं होतं’ तो. त्यांनी ‘काही नाही गं’ म्हटलं की पाऊल अडतं, त्यांनी ‘दाखवून ये’ म्हटलं की उचलतं. आईच्या या साखळीत आत्ता एकच कडी आहे, ती गेलेली मैत्रीण. तिच्या जागी जिवंत कडी आण. कोणी मावशी, आत्या, जुनी सहकारी, जिची पिशवी काढलीय आणि जी आता ठणठणीत आहे? अशी बाई बहुतेक प्रत्येक गोतावळ्यात असते, फक्त तिने ते कोणाला सांगितलेलं नसतं. कारण तीही याच शाळेत शिकलेली. कोणाचंही नाव न घेता तू चौकशी करू शकतेस.

त्या मैत्रिणीची गोष्ट मात्र उडवून लावू नकोस. तू बहुधा ‘असं काही नसतं गं’ म्हणाली असशील. आईने डोळ्यांनी पाहिलंय की बाई चालत तपासायला गेली आणि परत उभी राहिली नाही. त्यावरून तिने निष्कर्ष काढला, आणि निष्कर्ष काढायची रीतही चुकीची नाही, फक्त त्यातला एक धागा निसटलाय: मैत्रीण तपासायला गेली केव्हा? रक्त दिसू लागल्यावर किती महिन्यांनी? वाद घालू नकोस, हे विचार. जी उशिरा जाते तिला तपासणीत वाईटच सापडतं, आणि मग दोष तपासणीवर येतो. हा धागा आईने स्वतः जोडला तर टिकेल. तू जोडून दिलास तर तो पुन्हा एक लेख होईल.

आणि एकंदरीतच, थोडे दिवस सांगणं थांबव आणि विचारायला लाग. आर्थर क्लाइनमन हे मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि मानववंशशास्त्रज्ञही. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1978 मध्ये डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले, म्हणजे समोरचा माणूस आपल्या आजाराकडे कसा बघतो ते कळावं. डॉक्टर ते फारसे विचारत नाहीत, ती गोष्ट वेगळी. तू विचार. तुला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल? आत्ताच का सुरू झालं असेल? याच्यावर काय केलं पाहिजे असं तुला वाटतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचा: तुला यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

या शेवटच्या प्रश्नाला ‘मरणाची’ असं उत्तर येईल असं धरून चालू नकोस. मी अशी पत्रं बरीच वाचली आहेत. मरणाची भीती त्यांत असते, पण पहिली नसते. कोणी म्हणतं, सुनेसमोर उघडं पडायला नको. कोणी म्हणतं, मुलाच्या खर्चाला कारण व्हायला नको. एका बाईंना भीती होती की अनोळखी पुरुष डॉक्टर दहा शिकाऊ मुलांसमोर तपासेल. हे त्यांच्या बाबतीत एकदा तरुणपणी झालंही होतं, त्यांना न विचारता. त्यांच्या टाळाटाळीला घरचे ‘जुने विचार’ म्हणत होते. विचार कसले, तो अनुभव होता. आईची भीती नेमकी कोणती हे तुला माहीत नाही, आणि ती कळेपर्यंत तुझा प्रत्येक युक्तिवाद चुकीच्या दारावर थाप मारत राहणार.

बोलताना शब्दही सांभाळ. आई ‘परत सुरू होतं’ आणि ‘तिकडचं’ म्हणते ना? मग तूही तेच म्हण. ‘रक्तस्राव’, ‘गर्भाशय’, ‘कॅन्सरची शक्यता’ हे शब्द डॉक्टरांसमोर लागतील तेव्हा लागतील. नावाने किती फरक पडतो याची मला आवडणारी एक गोष्ट आहे. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी 2006 च्या सुमारास दवाखान्याच्या आवारात बाक मांडले. बाकावर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसायच्या आणि येणाऱ्याचं ऐकून घ्यायच्या. सुरुवातीला त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हणत. त्यावर बसायला कोणी तयार होईना. आज्यांच्याच सांगण्यावरून त्याला मैत्रीचा बाक म्हणू लागले आणि माणसं येऊन बसली. तिथल्या शोना भाषेत उदासीला ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे ‘फार विचार करणं’ असा शब्द आहे, आज्यांनी तोच वापरला. 2016 मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि बाकावर बसलेल्यांची लक्षणं खरोखर कमी झालेली दिसली. लोकांची समजूत कोणी बदलली नव्हती. तिच्यातूनच वाट काढली होती.

भावाचं काय? सांगू नकोस. निदान आत्ता नाही, आणि आईच्या पाठीमागे तर नाहीच. मला माहीत आहे, पुष्कळ जण उलटा सल्ला देतील: मोठ्या भावाने दटावलं की निमूटपणे जाईल. जाईलही. पण मग पुढच्या वेळी रक्त दिसलं तर ते तुलाही दिसणार नाही, कपडे ती स्वतः धुवेल. तिने फक्त तुला सांगितलं, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा ठेवा आहे. तिला सरळ सांग: ‘दादाला तू म्हणेपर्यंत सांगणार नाही. पण डॉक्टरांपासून लपवायचं वचन मी दिलेलं नाही.’ हा फरक तिला कळेल. बीपी तपासायचं म्हणून घराबाहेर काढून भलत्याच दवाखान्यात नेऊ नकोस, हेही त्याच कारणासाठी. ही तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही, आणि फसवून आणलेली बाई संमती देत नाही.

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझी नजर कंसात अडकली. ‘माझं सोडा.’ अगं, ही तुझ्या आईचीच भाषा. तिला 12 वर्षांनी परत सुरू झालं म्हणून तू इतकी तळमळतेस, आणि स्वतःची तपासणी दोन वर्षं कंसात टाकून ठेवलीस. तुझं कारण बहुधा ‘वेळ नाही’ आणि तिचं ‘नातीची परीक्षा’. मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आधीचे बदल या तपासणीत वर्षानुवर्षं आधी सापडतात, आणि जागतिक आरोग्य संघटना वयाच्या 30 पासून ती करायला सांगते. तुला उशीरच झालाय.

पण वाटही इथेच आहे. स्वतःसाठी न उठणारी बाई लेकीसाठी अर्ध्या रात्री उठते. आईला म्हण, ‘माझी एक तपासणी राहिलीय. मला एकटीला जायची भीती वाटते. तू माझ्यासोबत चल, आणि त्याच दिवशी त्याच डॉक्टरबाईंना तुझंही दाखवू. आधी माझं, मग तुझं.’ यात फसवणूक नाही, सगळं उघड सांगायचंय. तिला सोबतीण व्हायची सवय आहे. त्या सवयीला धरूनच तिला दारापर्यंत येऊ दे. तारीख मात्र तिच्यासमोर फोन करून घे, याच आठवड्यातली, आणि नातीच्या अभ्यासाचा एक तासही बुडणार नाही अशी. तिची अट राखलीस तर तिला माघार घेतल्यासारखं वाटणार नाही.

वेळ घेतानाच स्त्री डॉक्टर माग, आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जातंय हे फोनवरच सांग, म्हणजे आईला ते बाहेर सगळ्यांसमोर सांगावं लागणार नाही. आत गेल्यावर पहिलं वाक्य कागदावर लिहून द्या: कधीपासून, किती वेळा, कोणती औषधं चालू आहेत. बोलता येत नाही ते लिहिता येतं, शिक्षिकेला तर नक्कीच. काय होईल तेही आधी सांगून ठेव. बहुधा योनिमार्गातून सोनोग्राफी होईल, अंगावर चादर असते, आणि ‘थांबा’ म्हटलं की डॉक्टरांना थांबावंच लागतं. त्यात पिशवीच्या अस्तराची जाडी मोजतात. ती 4 मिलिमीटर किंवा कमी असली तर कर्करोगाची शक्यता अगदीच थोडी उरते. जास्त असली, किंवा कमी असूनही रक्त पुन्हा दिसलं, तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतात. पाळीच्या दिवसांसारखी कळ येते, काही मिनिटांत संपते. ‘काही नाही गं, दुखत नाही’ असं खोटं सांगू नकोस. आत कोणी बसायचं हे तिला ठरवू दे. तुला बाहेर बस म्हणाली तर मुकाट्याने बस.

आणि तरीही नाहीच म्हणाली तर? ती सज्ञान आहे, शहाणी आहे, शरीर तिचं आहे. तू दर आठवड्याला एकदा विचारायचं, एकदाच, न चिडता. मधल्या काळात तू एकटी डॉक्टरांना भेटून ये. सल्ला घ्यायला पेशंट सोबत लागतोच असं नाही, आणि ‘डॉक्टरबाई तुझी वाट बघतायत’ हे वाक्य तुझ्या दहा लेखांपेक्षा जड पडेल. फक्त एका बाबतीत वाट बघायची नाही. रक्त अचानक जोरात जायला लागलं, तासाला एक पॅड भिजू लागलं, किंवा तिला चक्कर आली, दम लागला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं. त्या वेळी दादालाही सांगायचं. हे तिला आजच सांगून ठेव, म्हणजे तेव्हा वचन मोडल्यासारखं होणार नाही.

तुझ्या तपासणीची तारीख ठरली की मला कळव. त्या दिवशी तुझा नंबर आईच्या आधी हवा.

तुझी,
ताई